आभार आणि मिंधेपण : मराठी ख्रिस्ती जीवनातील उपकारस्तुती



आजचा विषय आहे ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या जगण्यातली देवाविषयीची कृतज्ञता. विषय ऐकल्यावर काहींना वाटलं असेल, यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे? देवाचे आभार मानावेत, हे कोण नाकारतं? आपल्या भागात तर हे शिकवावंही लागत नाही. येळवस आली की आख्खा लातूर जिल्हा शेतात जातो. कडब्याची कोप उभी राहते, पाच पांडव मांडले जातात, भज्जी आणि आंबीलचा नैवेद्य होतो, आणि ज्या काळ्या आईनं वर्षभर खाऊ घातलं तिला आपण आधी जेवू घालतो. त्या दिवशी शहरं ओस पडतात. कृतज्ञता म्हणजे काय, हे या मातीत ग्रंथाशिवाय कळलेलं आहे.

तरीही आम्ही हा विषय घेतला, याला कारण आहे. मराठी ख्रिस्ती समाजाच्या बाबतीत ‘आभार’ हा शब्द कधीच साधा राहिलेला नाही. गेली दोनशे वर्षं या समाजाला एक प्रश्न विचारला जातो, कधी उघड, कधी पाठीमागे : तुम्ही आभार मानता ते नक्की कोणाचे? देवाचे, की ज्यानं दुष्काळात भाकरी दिली त्याचे? हा प्रश्न टोचणारा आहे. पण तो टाळला तर आपल्याला या समाजाचा इतिहास कळणार नाही, आणि कृतज्ञताही कळणार नाही. म्हणून आज आपण त्याच प्रश्नाच्या वाटेनं जाऊ.

आधी शब्दांकडे पाहू. तत्त्वज्ञानाच्या माणसाची ही खोड समजा. मराठीत या भावनेसाठी एक शब्द नाही, आख्खं कुटुंब आहे. ‘कृतज्ञ’ म्हणजे केलेलं जाणणारा. यात फक्त जाणणं आहे, फेडणं नाही. ‘आभार’ या शब्दात मात्र ‘भार’ ऐकू येतो. मग ‘उपकार’, ‘ऋण’, ‘उतराई’. आणि या कुटुंबातला एक नको असलेला भाऊ आहे, त्याचं नाव ‘मिंधा’. मिंधा माणूसही उपकार जाणतो. पण त्याची मान खाली असते, त्याला खरं बोलता येत नाही. कृतज्ञ आणि मिंधा, दोघांनीही घेतलेलंच असतं. मग फरक कुठे पडतो?

पाश्चात्त्य तत्त्ववेत्त्यांनाही हा प्रश्न छळत होता. रोमन विचारवंत सेनेका यानं उपकारांवर सात भागांचा ग्रंथ लिहिला. त्याचा सल्ला असा की देणाऱ्यानं दिलेलं लगेच विसरावं आणि घेणाऱ्यानं कधी विसरू नये. सल्ला सुंदर आहे, पण देणारे विसरत नाहीत हीच तर अडचण आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीला कांट म्हणाला की उपकाराचं ऋण पूर्ण फिटतच नाही, कारण देणाऱ्यानं आधी दिलं. तुम्ही नंतर कितीही दिलं तरी ‘आधी’ देण्याचा मान त्याचाच राहतो. आपल्याकडेही देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही कल्पना आहे. माणूस जन्मतो तोच ऋण घेऊन.

आता ख्रिस्ती परंपरेकडे या. लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. दहाही बरे झाले. मागे वळून आभार मानायला आला एकच, आणि तो शोमरोनी होता, म्हणजे यहुद्यांच्या दृष्टीनं परका. येशूनं विचारलं, बाकीचे नऊ कुठे आहेत? पण एक गोष्ट लक्षात घ्या. जे नऊ आले नाहीत, त्यांचा रोग परत आला असं गोष्टीत कुठेही नाही. दान काढून घेतलं गेलं नाही. आणि जो आला त्याला ‘आता तू माझ्याकडेच राहा’ असं सांगितलं नाही. ऊठ आणि जा, असं सांगितलं. आमच्या मते कृतज्ञता आणि मिंधेपण यांतला फरक या लहानशा गोष्टीत आलेला आहे. इथे देणारा बांधून ठेवत नाही. घेणारा आपल्या पायांनी येतो आणि आपल्या पायांनी जातो.

ख्रिस्ती उपासनेच्या मध्यभागी जो भाकरी आणि द्राक्षरसाचा विधी आहे, ज्याला कॅथलिक मंडळी मिस्सा म्हणतात आणि प्रोटेस्टंट मंडळी प्रभुभोजन, त्याचं जुनं ग्रीक नाव ‘युखारिस्तिया’. त्याचा अर्थच आभार मानणे. मराठी बायबलनं यासाठी एक छान शब्द रूढ केला, ‘उपकारस्तुती’. उपकाराची फेड करा असं तो सांगत नाही, उपकाराची स्तुती करा असं सांगतो. फेड करताना माणूस हिशेब मांडतो, स्तुती करताना गातो. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

मराठीत ख्रिस्ती स्तुती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर उमटली ती गोव्याकडे. टॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. त्यानं इथली भाषा शिकली, आणि १६१६ साली त्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालं. जवळपास अकरा हजार ओव्या. आपल्या पुराणांच्या धाटणीचं हे काव्य आहे, आणि त्यात मराठी भाषेची केलेली स्तुती आजही शाळा-कॉलेजांतून शिकवली जाते. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती, त्यांना ओवीत देवाची स्तुती ऐकायला मिळाली. पण हाही इतिहासच आहे की त्याच पोर्तुगीज सत्तेनं पुढे १६८४ मध्ये स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलं. लोकांनी देवाचे आभार मानावेत, पण राज्यकर्त्यांच्या भाषेत मानावेत, असा त्याचा अर्थ झाला. आमचा पहिला मुद्दा इथून निघतो. स्वतःच्या भाषेत मानलेले आभार स्वतःचे असतात. भाषा हिरावली की कृतज्ञतेची कवायत होते.

आता एकोणिसाव्या शतकात येऊ. १८१३ साली अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी मुंबईत उतरले. १८३१ मध्ये अहमदनगरला त्यांचं ठाणं झालं आणि तिथून काम खेड्यांत पसरलं. आपल्या मराठवाड्यात, निजामाच्या राज्यात, जालन्याचं काम महत्त्वाचं. ते उभं केलं नारायण शेषाद्री यांनी. हे ब्राह्मण कुटुंबातले, १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झालेले. जालन्याजवळ त्यांनी ‘बेथेल’ नावाची ख्रिस्ती वसाहत वसवली. तिला जमीन मिळाली ती सालारजंगांच्या काळात निजाम सरकारकडून. ख्रिस्ती वस्ती, मुसलमान राजवटीची जमीन, वसवणारा जन्मानं ब्राह्मण, आणि राहायला आलेले बहुतेक अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतले. मराठवाडा असा होता. आपल्या या पट्ट्यात, म्हणजे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत ज्या बिदर जिल्ह्यात होते त्या बाजूला, मेथडिस्ट मिशनचं काम झालं.

या सगळ्या ठिकाणी ख्रिस्ती होणारे कोण होते? काही शिकलेले उच्चवर्णीय होते, त्यांची नावं पुस्तकांत आली. पण संख्येनं बहुतेक महार आणि मांग समाजातले होते. त्यांच्यासाठी ‘आभार’ या गोष्टीचा आधीचा अनुभव काय होता, हे पाहायला हवं. गावगाड्यात त्यांनी राबायचं, आणि संध्याकाळी दारोदार जाऊन भाकरी मागून आणायची. ती भाकरी खरं तर त्यांच्या कामाचा मोबदला होती, हक्क होता. पण मिळायची ती दान म्हणून, वरून टाकलेली. आणि ती घेताना तोंडात शब्द असायचे ‘जोहार मायबाप’. चोखोबांच्या अभंगातही तो जोहार आहे. म्हणजे आपल्याच घामाच्या भाकरीसाठी दुसऱ्याचे आभार मानायची सक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. सक्तीच्या कृतज्ञतेचं याहून स्पष्ट उदाहरण जगाच्या इतिहासात शोधावं लागेल.

अशा माणसाला कोणीतरी सांगितलं की तुझा मायबाप एकच, तो आकाशात आहे, आणि त्याच्या पुढ्यात पाटील आणि तू एका रांगेत आहात. भाकरी त्यानं दिली, पाटलानं नाही. जेवणाआधी डोळे मिटून त्याचे आभार मान, आणि मग सरळ बसून जेव. या साध्या प्रार्थनेनं काय उलथापालथ केली असेल, याची कल्पना करा. आभारांचा पत्ता बदलला. मालकाच्या दारात वाकणारी मान स्वतःच्या घरात, स्वतःच्या ताटासमोर, स्वतःहून वाकली.

पण गोष्ट इतकी सरळ राहिली नाही. १८७६ ते ७८ चा दुष्काळ आला, मग १८९६-९७, लगेच १८९९-१९००. मिशननं अन्नछत्रं चालवली, अनाथ मुलं सांभाळली, कामं काढली. माणसं वाचली. आणि काही जण ख्रिस्ती झाले. तेव्हापासून तो टोमणा सुरू झाला, ‘भाकरीसाठी बाटले’. टोमणा मारणाऱ्यांनी त्या दुष्काळात किती भाकऱ्या वाटल्या, हा प्रश्न विचारता येतो आणि विचारायलाही हवा. पण टोमण्यात सत्याचा एक काटा होता. जिथे पाळकाचा पगार परदेशातून येतो, शाळा त्यांची, दवाखाना त्यांचा, घर त्यांच्या आवारात, तिथे नवा ‘साहेब’ हा नवा मायबाप होण्याचा धोका होताच. देवाचे आभार मानता मानता डोळे बंगल्याकडे लागत. उपकारस्तुती कधी मिंधेपणात घसरेल, याचा नेम नव्हता.

हा धोका पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साऱ्या देशासमोर मांडला, वेगळ्या संदर्भात. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत केलेल्या भाषणात त्यांनी आयरिश देशभक्त डॅनियल ओकॉनेल याचा विचार सांगितला. त्याचा आशय असा : माणसानं स्वाभिमान गहाण टाकून कृतज्ञ होऊ नये, स्त्रीनं शील देऊन होऊ नये, राष्ट्रानं स्वातंत्र्य देऊन होऊ नये. थोर माणसांविषयी कृतज्ञता असावी, पण तिला हद्द असावी, हे बाबासाहेब सांगत होते. ज्यांच्या पूर्वजांनी जोहार घातला होता, त्यांच्या वतीनं हे सांगितलं गेलं, म्हणून त्याला वजन आहे.

आमचं म्हणणं असं की मराठी ख्रिस्ती समाजातल्या काही माणसांनी ही हद्द त्याआधीच ओळखली होती, आणि ती आपल्या जगण्यात आखली होती. त्यांतली दोन घरं आपण पाहू. एक केडगावचं, दुसरं टिळकांचं.

पंडिता रमाबाईंचं चरित्र आपल्याला ठाऊक आहे, पण कृतज्ञतेच्या बाजूनं ते क्वचितच वाचलं जातं. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही मुलगी. आईवडील पुराण सांगत, तीर्थयात्रा करत देशभर फिरले. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलं आहे की भीक मागायची किंवा हलकं मानलेलं काम करायचं, तर घराण्याचा अभिमान आड येत होता. म्हणजे घेणं किती अवघड असतं, हे या बाईंनी उपाशीपोटी अनुभवलं होतं. मिंधं होण्यापेक्षा मरण बरं, हा विचार त्यांनी घरात पाहिला होता.

पुढे भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी गेले, आणि लहान मुलगी मनोरमा हिला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना आसरा दिला. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई ‘आजीबाई’ म्हणत, एवढा जिव्हाळा. आणि त्याच आजीबाईंशी त्यांचा पत्रांतून कडाक्याचा वाद झाला. कोणत्या सिद्धांतावर विश्वास ठेवायचा, कोणाचं ऐकायचं, मुलीला काय शिकवायचं, यावर. रमाबाईंचं म्हणणं थोडक्यात हे होतं की ब्राह्मण पुरोहितांच्या जोखडातून आपण मोठ्या कष्टानं मान सोडवली आहे, आता तसलंच दुसरं जोखड चर्चच्या नावानं घेणार नाही. ज्यांच्या घरी राहायचं, ज्यांचं अन्न खायचं, त्यांनाच हे सांगायचं. आणि सांगूनही आजीबाईंविषयी माया कमी होऊ द्यायची नाही. मिंध्या माणसाला हे जमत नाही. त्याला एक तर गप्प बसावं लागतं, नाहीतर उपकारच नाकारावा लागतो. कृतज्ञ माणूस उपकार मान्य करतो आणि नाहीही म्हणतो.

१८८९ मध्ये मुंबईत ‘शारदासदन’ निघालं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला आलं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. का गेल्या? कारण वीस-बावीस वर्षांपूर्वीची उपाशी मुलगी त्या विसरल्या नव्हत्या. त्यांच्या कृतज्ञतेची ही दिशा पाहा. ज्यांनी वाचवलं त्यांच्याकडे ती मागे वळून फिटली नाही, जे वाचायचे होते त्यांच्याकडे पुढे गेली. कांटचा तो न फिटणारा हिशेब इथे सुटतो. ऋण मागे फिटत नसेल, तर पुढे देता येतं.

केडगावच्या ‘मुक्ती’त १९०० साली सुमारे १५०० जणी होत्या. त्यांना नुसतं पोसलं गेलं नाही. शेती, विणकाम, दूधदुभतं, छापखाना, शिकवणं, जिला जे जमेल ते काम. रमाबाईंनी स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, आणि ते मुक्तीतल्या बायकांनीच जुळवलं आणि छापलं. दुष्काळात रस्त्यावर सापडलेली मुलगी खिळे जुळवून देवाचं वचन छापते आहे, हे उपकारस्तुतीचं चित्र आहे. तिच्या हातात वाडगं नव्हतं, काम होतं. १९२१ मध्ये मनोरमा वारली, पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. इतकं सारं हिरावलेल्या बाईनं शेवटपर्यंत देवाचे आभार मानले, यात भाबडेपणा शोधणाऱ्यांनी आधी त्यांची पत्रं वाचावीत. ती बाई भाबडी नव्हती.

दुसरं घर टिळकांचं. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत नारायण वामन टिळकांना एका युरोपियन प्रवाशानं नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनानं ते भारावले, आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याच्या घरातल्या. नवऱ्यापासून काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग परत आल्या, आणि १९०० मध्ये आपल्या विचारानं ख्रिस्ती झाल्या. ही सगळी हकिकत १९३४ पासून भागाभागांनी निघालेल्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं. घरात पैसा टिकत नाही, टिळक कोणालाही घरी घेऊन येतात, हातातलं देऊन टाकतात, आणि लक्ष्मीबाईंनी संसार रेटायचा. तक्रार आहे, भांडण आहे, आणि तरी पानोपानी हसू आहे. आमच्या मते ते हसू हीच त्या पुस्तकातली उपकारस्तुती. जे मिळालं ते अपुरं आहे हे कळूनही हसता येणं, ही मोठी कृतज्ञता आहे.

टिळकांनी मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी स्वतःचे शब्द दिले. त्याआधी चर्चमध्ये बहुतेक इंग्रजी गीतांची भाषांतरं, इंग्रजी चालींवर गायली जायची. अर्थात, नगरला कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी देशी चाली आणि कीर्तन आधीच आणलं होतं. टिळकांनी ते पुढे नेलं. शंभराहून अधिक गीतं लिहिली, अभंग रचले, ख्रिस्ती कीर्तन केलं. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. म्हणजे ख्रिस्ताचे आभार मानताना त्यांनी तुकोबांचेही आभार मानले; एकाचे मानण्यासाठी दुसऱ्याचे नाकारावे लागले नाहीत. आज खेड्यातल्या चर्चमध्ये, हार्मोनियम आणि तबल्यावर, ज्या बायका ती गीतं पाठ म्हणतात, त्यांतल्या कित्येकींना कवीचं नावही ठाऊक नसतं. कवीला याहून काय हवं?

आणि टिळकांनी तो अवघड निर्णयही घेतला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, साताऱ्याला गेले, संन्यस्त वृत्तीनं राहू लागले, आणि ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. मिशनशी त्यांनी वैर केलं नाही, मिशनरी मित्रांविषयीचा आदर सोडला नाही. पण देवाची स्तुती करणाऱ्याच्या गळ्यात दुसऱ्याच्या पगाराचा पट्टा नसावा, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो. पुढे दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ ला, ते गेले. दरबार फार वाढला नाही. पण इतिहासात काही गोष्टी वाढल्या नाहीत तरी वाट दाखवून जातात.

आता आपण मोठ्या माणसांकडून साध्या घराकडे येऊ, कारण विषय रोजच्या जीवनाचा आहे. ख्रिस्ती घरात कृतज्ञता कशी पाळली जाते? जेवणाआधी प्रार्थना. हे आपल्याला परकं वाटायला नको, आपल्याकडेही जेवणाआधी श्लोक म्हणायची रीत होतीच. रात्री कुटुंबाची उपासना : एक गीत, एक वाचन, आणि प्रार्थनेत दिवसभरातल्या गोष्टींचा उल्लेख. पोराचा ताप उतरला, कर्जाचा हप्ता गेला, विहिरीला पाणी लागलं. नवं घर, बारसं, परीक्षेचा निकाल, अशा वेळी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवतात, पाळक येतात, शेजारपाजार येतो, चहा होतो.

आणि कापणीचा सण. मराठवाड्यात आणि नगरकडे अनेक मंडळ्यांत तो होतो. ज्याच्याकडे जे पिकलं ते तो चर्चमध्ये आणतो. ज्वारीची कणसं, तूर, भोपळा, मिरच्या. ज्याला शेत नाही तो चार अंडी आणतो, कोंबडी आणतो. उपासना झाली की लिलाव. दहा रुपयांचा भोपळा शंभराला जातो, घेणारा तो परत देतो, पुन्हा लिलाव होतो. हसणं, टाळ्या, चढाओढ. या लिलावात एक शहाणपण आहे. चार अंडी आणणारी म्हातारी आणि वीस एकरवाला शेतकरी, दोघंही त्या दिवशी देणारे असतात. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या फक्त घेणारा म्हणून हिणवलं, तो वर्षातून एक दिवस उभा राहून देतो. आणि चर्च त्याच्या स्वतःच्या धान्यावर चालू लागतं.

मुंबई-ठाण्याकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचा ‘आगेरा’ असाच. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भाताच्या पहिल्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात आणि त्यांना आशीर्वाद घेतात. भातशेती गेली, इमारती आल्या, तरी आगेरा चालू आहे. तिकडे मिझोराममध्ये १९१० पासून ख्रिस्ती बायका रोज स्वयंपाक करताना तांदळाची एक मूठ चर्चसाठी बाजूला ठेवतात. ‘बुहफाई थाम’ म्हणतात तिला. त्या मुठींतून मोठमोठी कामं उभी राहिली. मुष्टिफंड महाराष्ट्राला नवा नाही. मूठ ही मोठी गोष्ट आहे, कारण ती गरिबाला परवडते, आणि रोज घडते.

इथवर सगळं ठीक. पण या जिल्ह्यात बसून कृतज्ञतेवर बोलायचं आणि किल्लारी टाळायची, हे प्रामाणिक होणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. हजारो माणसं दगडामातीच्या घरांखाली गेली. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. त्यानंतर आपल्यापैकी कित्येकांनी एक वाक्य ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल : ‘देवाची कृपा, आम्ही वाचलो.’ आणि शेजारचं घर? त्यांच्यावर कृपा नव्हती? कृतज्ञतेपुढचा हा खरा कठीण प्रश्न आहे. जी कृतज्ञता फक्त आपल्याला मिळालेल्या सुटकेवर उभी असते, ती शेजाऱ्याच्या प्रेतासमोर क्रूर वाटते.

ख्रिस्ती परंपरेत याला उत्तर म्हणण्यापेक्षा एक भान आहे. पौलानं थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिताना सर्व स्थितीत उपकारस्तुती करायला सांगितलं. नीट वाचा. ‘सर्व स्थितीत’ म्हणजे ‘सर्व स्थितीबद्दल’ नव्हे. भूकंपाबद्दल देवाचे आभार माना, असं कोणीही शहाणा सांगणार नाही. जुन्या करारातला हबक्कूक तर दुष्काळाचं चित्र काढतो. अंजिराला फूल नाही, शेतात धान्य नाही, वाड्यात गुरं नाहीत, आणि तरी मी देवाच्या ठायी आनंद करीन, असं म्हणतो. पीक नसताना केलेली ही स्तुती पिकाची पावती असू शकत नाही. मिंधेपण कायम पावतीवर जगतं, मिळालं तर नमस्कार. हबक्कूकची स्तुती पावतीपलीकडची आहे. आणि तिच्यात रडायला बंदी नाही; त्याच्या पुस्तकाची सुरुवातच देवाला जाब विचारण्यानं होते. स्तोत्रांत आभार आणि आक्रोश एकाच वहीत आहेत. रडणं गिळून मानलेले आभार फार काळ टिकत नाहीत.

किल्लारीत वाचलेल्यांनी काय केलं? ज्यांचे हात शाबूत होते त्यांनी माती उपसली. अनाथ पोरांना कोणी ना कोणी जवळ घेतलं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात एक हंडा पाण्याची किंमत आपल्याला कळली. पाण्याचे आभार कसे मानायचे? पुन्हा नळ आल्यावर तो नीट बंद करून. ‘आम्ही वाचलो’ या वाक्यापुढे ‘म्हणून’ आला, आणि त्या ‘म्हणून’पुढे दुसऱ्या कोणाचं तरी नाव आलं, की ती कृतज्ञता खरी. रमाबाईंनी हेच केलं होतं.

समारोपाकडे येतो. इतक्या इतिहासातून आम्हाला तीन खुणा दिसतात, ज्यांवरून आपली कृतज्ञता तपासता येते. ती ख्रिस्ती माणसाची असो वा येळवशीला शेतात जाणाऱ्याची. पहिली खूण, आभार मानताना आपली मान ताठ राहते का? नाही म्हणायची मुभा उरते का? रमाबाईंना ती उरली होती. दुसरी, ते आपल्या भाषेत, आपल्या गळ्यातून निघतात का? टिळकांनी त्यासाठी आयुष्य घातलं. तिसरी, घेतलेलं पुढे जातं का? ते अडून बसलं, तर त्याचं ओझं होतं.

आणि देणाऱ्यांसाठीही एक शब्द, कारण या सभेत देणारेही बसले आहेत : संस्थाचालक आहेत, पुढारी आहेत, सावकारीची सवय असलेलेही असतील. दुष्काळात टँकर पाठवला, फी भरली, दवाखान्यात नेलं, फार चांगलं केलं. पण त्यावर फोटो आणि जोहार मागू नका. दहातले नऊ परत आले नाहीत, तरी येशूनं त्यांचं बरं होणं काढून घेतलं नाही. देण्याची रीत ती. आपण ज्याला दिलं तो उद्या आपल्याला निवडणुकीत मत देणार नाही, चर्चेत विरोध करील, आणि तरीही त्याला दिलेलं दिलेलंच राहील. हे ज्याला सोसतं त्याच्याचकडून घेतल्यावर माणूस मिंधा होत नाही.

मराठी ख्रिस्ती समाजानं दोनशे वर्षांत ‘जोहार मायबाप’पासून ‘उपकारस्तुती’पर्यंतची वाट चालली. ती सरळ नव्हती, अजून पूर्ण झालेली नाही, आणि ती एकट्या त्यांची नाही. मराठवाड्यातल्या प्रत्येक माणसाला, ज्याच्या वाट्याला कधी दुष्काळ, कधी भूकंप, कधी सरकारी मदतीची रांग आली, त्याला ही वाट ओळखीची वाटेल. रांगेत उभं राहून घेतानाही माणूस सरळ उभा राहू शकतो. संध्याकाळी घरी जेवायला बसाल, तेव्हा घास तोंडात घालण्याआधी क्षणभर थांबा. ज्यानं पिकवलं, जिनं रांधलं, आणि ज्याच्या नावानं तुम्ही हात जोडता, त्या सगळ्यांची आठवण करा. आणि मग, कोणाचेही मिंधे न होता, पोटभर जेवा.